मागितलेली गती आणि मिळालेली गती

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन मार्चमध्ये, मला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कार्यशाळेतून तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या शेडवर पाठवण्यात आले. तेथे आमचे निवडणी यंत्र बसवलेले होते. पट्ट्यावरून बेदाणा पुढे सरकतो, कॅमेरा त्याचे चित्र घेतो आणि काळपट दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. हे सारे काम रास्पबेरी पाय 3 या छोट्या संगणक-बोर्डावरील लिनक्स सांभाळत असे. सकाळी यंत्र बिनचूक चाले, पण दुपारी झोत किंचित उशिरा सुटे आणि काळ्या दाण्याऐवजी त्याच्या मागचा चांगला दाणा उडे. शेडमालकांनी ओंजळभर बेदाणा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "साहेब, बघा की, चांगलाच माल बाहेर पडतोय."

माझा पहिला संशय गव्हर्नरवर गेला. प्रोसेसरची गती केव्हा वाढवायची आणि केव्हा उतरवायची, हे ठरवणाऱ्या कर्नेलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) धोरणाला गव्हर्नर म्हणतात. 'परफॉर्मन्स' गती कायम वरच्या मर्यादेवर ठेवतो, 'पॉवरसेव्ह' खालच्या मर्यादेवर, 'ऑनडिमांड' ठरावीक अंतराने भार मोजून गती बदलतो, तर कर्नेल 4.7 पासून आलेला 'शेडयुटिल' थेट शेड्युलरकडून (कोणता प्रोग्राम केव्हा चालवायचा हे ठरवणाऱ्या भागाकडून) भाराची माहिती घेतो. आमच्याकडे ऑनडिमांड होता. गती चढेपर्यंत दाणा पुढे जात असावा, असे समजून मी परफॉर्मन्स लावला. (नवख्यांची येथे हमखास एक चूक होते: गव्हर्नरचे नाव सिसएफएस या कर्नेलच्या सेटिंग्जच्या फाइलींत लिहावे लागते; सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून एकोचे आउटपुट बाणाने त्या फाइलीत वळवले तर परवानगी नाकारली जाते, कारण ती फाइल सुडो नव्हे तर तुमचे साधे शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम) साध्या अधिकारांनी उघडत असते. तेथे सुडोसह 'टी' ही फाइलीत लिहिणारी आज्ञा वापरावी. शिवाय ही नोंद बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही.)

दुपारी तक्रार कमी होण्याऐवजी वाढली. चालू गती दाखवणारी फाइल मात्र 1200000 हाच आकडा दाखवत होती. हा आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो, म्हणजे 1.2 गिगाहर्ट्झ. त्या आकड्यावर विसंबून मी दोन तास कॅमेऱ्याच्या प्रोग्राममध्ये दोष शोधत बसलो. ती फाइल कर्नेलने मागितलेली गती सांगते, आणि या बोर्डावर खरी गती शेवटी फर्मवेअर (बोर्डाच्या चिपवरील स्वतःचा प्रोग्राम) ठरवते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. कार्यशाळेतील वरिष्ठांनी फोनवरून फर्मवेअरला थेट विचारणारी व्हीसीजेनकमांड चालवायला सांगितली. प्रत्यक्ष घड्याळ 600 मेगाहर्ट्झच्या आसपास निघाले आणि थ्रॉटलिंगची (गती रोखल्याची) खूण हेक्साडेसिमलमध्ये 50005 आली. तिचा अर्थ असा की व्होल्टेज आत्ता कमी आहे, त्यामुळे गती आत्ता रोखलेली आहे, आणि बोर्ड सुरू झाल्यापासून दोन्ही गोष्टींची नोंद झालेली आहे. तापमान 71 अंश होते. गती रोखण्याची 80 अंशांची मर्यादा अजून दूर होती.

मल्टिमीटर लावला तेव्हा पुरवठ्याच्या टोकाला 5.1 व्होल्ट आणि बोर्डाच्या पिनांवर 4.58 व्होल्ट दिसले. 4.63 व्होल्टच्या खाली गेल्यावर हा बोर्ड व्होल्टेज कमी असल्याची नोंद करतो. मधल्या लांब, बारीक वायरीतून बोर्डाबरोबर एक पंखाही चालत होता. पेटी तापली की तो थर्मोस्टॅटवर सुरू होई, म्हणजे नेमका दुपारी, आणि मागच्या खेपेला तो मीच बसवला होता. पंख्याला स्वतंत्र जाड वायर दिली, गव्हर्नर पुन्हा ऑनडिमांडवर आणला आणि दुपारचा बेदाणा सरळ झाला.

पुढचे काम द्राक्षबागेतील बॅटरीवर चालणाऱ्या नोंदयंत्राचे होते आणि त्यात बीगलबोन ब्लॅक हा दुसरा छोटा संगणक-बोर्ड होता. गती कमी केली की बॅटरी वाचते, ही समजूत येथे तपासून पाहावी लागली. प्रोसेसरची बदलती शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि गतीच्या प्रमाणात असते. व्होल्टेज तेच ठेवून गती 1000 वरून 600 मेगाहर्ट्झ केली तर शक्ती 40 टक्के घटते, पण तेच काम पूर्ण व्हायला सुमारे 67 टक्के जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्या कामाची ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. खरी बचत व्होल्टेज उतरल्याने होते: या बोर्डावर 1000 मेगाहर्ट्झला 1.325 व्होल्ट, तर 600 ला 1.1 व्होल्ट लागतात, आणि त्या वर्गांच्या हिशेबाने सुमारे 31 टक्के ऊर्जा वाचते. गती-व्होल्टेजच्या या जोड्या डिव्हाइस ट्रीमधील (कर्नेलला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलीतील) ओपीपी तक्त्यात असतात. तेथे गती हर्ट्झमध्ये आणि व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये लिहितात, त्यामुळे किलोहर्ट्झची सवय झालेला माणूस तीन शून्ये हमखास विसरतो. गती चढवताना कर्नेल आधी व्होल्टेज वाढवतो आणि उतरवताना आधी गती कमी करतो. म्हणून तक्त्यात नवी ओळ घालताना डेटाशीट उघडे ठेवावे आणि अंदाजाने व्होल्टेज लिहू नये.

त्या नोंदयंत्रात मी गव्हर्नर तीनदा बदलला, तरी बॅटरी दुसऱ्याच दिवशी उतरे. अखेर प्रत्येक गतीवर किती वेळ गेला हे 10 मिलिसेकंदांच्या एककात सांगणारी आकडेवारीची फाइल वाचली. दहा मिनिटांतून एकदा ओलावा मोजणारे यंत्र जवळजवळ सगळा वेळ 1000 मेगाहर्ट्झवर काढत होते, कारण माझ्याच प्रोग्राममधील एक लूप सिरियल पोर्टवर अक्षर आले का हे अखंड विचारत बसला होता. त्या ठिकाणी पोल हा सिस्टीम कॉल (अक्षर येईपर्यंत प्रोग्रामला थांबवून ठेवणारी कर्नेलची सेवा) घातल्यावर 300 मेगाहर्ट्झच्या ओळीतील आकडा प्रथमच सर्वांत मोठा झाला.