पांढरं की स्टील: रंग बघण्याआधी पत्रा बघा

दसरा-दिवाळी तोंडावर आली की माझा फोन वाजायला लागतो. मी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत पावडर कोटिंगचं काम करतो, म्हणजे लोखंडी पत्र्यावर रंग चढवून तो भट्टीत पक्का करायचं. त्यामुळे शहापूर-अनगोळपासून खानापूरपर्यंतच्या बहिणी, भाच्या, सुना मला एकच विचारतात, "मामा, फ्रीज पांढरा घेऊ की स्टीलचा?" मी उलट विचारतो: ठेवणार कुठं, मोरीजवळ की दाराजवळ? त्याच्यावर काय उडणार? आणि पुसणार कशानं? एवढं कळलं की निम्मी निवड झाली. पाणी, मीठ आणि आच जिथं रोज लागते तिथं खरं स्टेनलेस हवं. जिथं फक्त हात लागतो तिथं नीट रंगवलेला पांढरा पत्रा वर्षानुवर्षं टिकतो, त्यासाठी जादा पैसे घालायचं कारण नाही.

आधी पांढऱ्याबद्दल सांगतो, कारण त्याला हलकं समजायची सवय लागली आहे. आतला पत्रा साधा लोखंडीच, बऱ्याचदा वर जस्ताचा थर दिलेला. आमच्याकडे तो आधी टाक्यांतून बुडवून काढतात, तेल आणि गंज जातो, फॉस्फेटचा थर बसतो. मग विजेच्या भारानं पावडर चिकटवायची आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजायची. चांगल्या कामात रंग ६० ते ८० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड भरतो. सपाट भागावर हा थर दणकट असतो. पण धारदार कडेवर वितळलेली पावडर मागे सरकते आणि थर पातळ पडतो; आतल्या खोल कोपऱ्यात तर ती पुरती पोचतच नाही. फ्रीजचं जरा वेगळं असतं. त्यासाठी बऱ्याचदा आधीच रंगवलेला पत्रा आणून कापतात आणि दुमडतात, म्हणजे कापलेली कड उघडीच राहते. कसाही केलेला असो, गंज सुरू होतो तो कडेला, बिजागरीखाली, स्क्रूच्या भोकाशी. म्हणून दुकानात दारावर मधोमध हात फिरवून काही कळत नाही. दार उघडा, खालची कड बोटानं चाचपा, बिजागरीपाशी वाकून बघा. तिथं रंग अखंड असेल आणि कापलेली कड आत दुमडून झाकलेली असेल, तर ती वस्तू मनापासून केलेली आहे.

आता स्टील. ज्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं ते स्टेनलेस. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक पातळ, न दिसणारा थर धरतं, आणि ओरखडा पडला तरी तो थर आपसूक पुन्हा धरतो. सगळी किंमत या एका गुणाची आहे. रंग एकदा उडाला की उडाला, स्टीलची साय मात्र परत येते. तरीही मिठातलं आणि ब्लीचमधलं क्लोराइड ही साय भेदतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं, त्यामुळे स्टीलला काही होत नाही असं धरून चालू नका.

दुकानदार नुसतं "स्टील आहे हो" म्हणतो, तिथं थांबू नका, ग्रेड विचारा, म्हणजे स्टीलच्या प्रकाराचा आकडा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. सिंकसाठी हेच घ्यावं. ४३० मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल जवळजवळ नाही. दारं, बाहेरचे पत्रे यांना ते चालतं. २०१ आणि २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. नवं असताना ते ३०४ सारखंच चकाकतं, पण गंजाला लवकर बळी पडतं. लोक खिशातून चुंबक घेऊन जातात. चुंबक ४३० ला चिकटतं, ३०४ च्या सपाट भागाला चिकटत नाही (सिंकच्या वळवलेल्या कोपऱ्यात जरा ओढ जाणवते, ती पत्रा ताणल्यामुळे). पण २०२ लाही ते चिकटत नाही! म्हणजे चुंबक चिकटलं नाही एवढ्यावर ३०४ ठरत नाही. सिंकवर उमटवलेला आकडा बघा आणि तोच आकडा बिलावर लिहून घ्या. जो लिहून द्यायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

फ्रीजच्या बाबतीत मी थोडा अडून बसतो. दुकानात चंदेरी दिसणारे फ्रीज ओळीनं उभे असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांचा दरवाजा स्टेनलेसचा नसतो. रंगवलेल्या किंवा वर फिल्म चढवलेल्या साध्या पत्र्याला स्टीलसारखी झाक दिलेली असते. कॅटलॉगात 'फिनिश' किंवा 'लुक' असं लिहिलेलं दिसलं की समजा, हा रंगच आहे. इथं चुंबकाचा उपयोग नाही, कारण ते साध्या पत्र्यालाही चिकटतं आणि ४३० लाही. दरवाजा कशाचा, हे माहितीपत्रकात वाचा किंवा कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. आणि दरवाजा खऱ्या स्टेनलेसचा निघाला तरी दोन्ही बाजू बहुतेक वेळा करड्या रंगाच्या रंगवलेल्या पत्र्याच्याच असतात. मग गंजाच्या भीतीनं स्टील-लुक घेण्यात अर्थ उरत नाही. पांढरा, करडा, चंदेरी, तिघांची काळजी सारखीच घ्यावी लागते. झाक डोळ्यांना आवडत असेल तर खुशाल घ्या, फक्त ती स्टीलच्या भावात घेऊ नका. उरलेले पैसे जादा स्टारच्या मॉडेलला घाला, वीजबिलात फरक तिथं पडतो. रंगाचा गारव्याशी काही संबंध नाही.

आपल्याकडच्या घरांत फ्रीज खालून सडतो. फरशी धुताना पाणी तळाशी जातं आणि तिथंच बसतं. म्हणून स्टँड घ्या, आणि भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं तरी पुढं ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडच्या कौलारू घरांत पावसाळ्यात भिंतीच ओल धरतात, तिथं ही चार बोटं फार मोलाची. त्या भागात चूलही अजून आहे. धुरानं पांढरा दरवाजा पिवळट पडतो, तेव्हा स्वयंपाकघरात चूल पेटत असेल तर करडा रंग घ्यावा असं मी स्पष्ट सांगतो.

शेगडी मात्र स्टेनलेसची घ्या. उकळी फुटून दूध सांडणार, आमटी सांडणार, भाकरीचा तवा दणक्यात उतरणार; रंगाचं ते काम नव्हे. बर्नरभोवती पत्रा सोनेरी-निळसर होतो त्याला घाबरू नका, तो तापल्यामुळे जाड झालेला ऑक्साइडचा थर आहे, गंज नव्हे. काचेच्या शेगड्या दिसायला छान आणि पुसायला सोप्या, पण जड पातेलं आपटायची सवय असलेल्या घरात मी त्या सुचवत नाही. आयएसआय खूण मात्र कुठल्याही शेगडीवर बघाच.

मिक्सरची पांढरी बॉडी म्हणजे प्लॅस्टिक. ते खिडकीतल्या उन्हानं आणि तेलाच्या हातांनी पिवळं पडतं, गंजत नाही. तिथं भांडी कशाची आहेत ते बघा, बॉडीचा रंग कुठलाही चालेल. आंबोळी-डोशाच्या पिठासाठी ग्राइंडर घेत असाल तर ड्रम स्टेनलेसचा असतोच. आंबलेलं पीठ त्यात तसंच ठेवू नका, लगेच धुवा.

पाण्याचाही विचार करा. बोअरचं जड पाणी असेल तर स्टीलवर पांढरे डाग रोज दिसणार. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसलं, मग साध्या पाण्यानं धुऊन कोरडं केलं की ते जातात. पांढऱ्या रंगावर हेच डाग असतात, पण नजरेला येत नाहीत. दिवसातून एकदा कोरडं फडकं फिरवणं ज्या घरात जमणार नाही, लहान मुलांचे हात सतत लागतात, तिथं चकचकीत स्टीलचा दरवाजा घेऊन घरच्या बाईचं काम वाढवू नका.

स्टील पुसताना रेघांच्या दिशेनं पुसा. तारेची घासणी कधीच नको. तिचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच गंजतात. मग लोक म्हणतात, स्टील खोटं निघालं. हीच गोष्ट उद्यमबाग आणि मच्छेतल्या कामगारांच्या घरांत फार होते. फौंड्रीतले, लेथवरचे कपडे स्टीलच्या सिंकमध्ये भिजवले की बारीक चूर तिथं बसतो आणि दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके उठतात. ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवा. संडासचं ॲसिड सिंकखालच्या कपाटात ठेवू नका, नुसत्या वाफेनंही स्टील डागाळतं. आणि खंडेनवमीला मिक्सर-फ्रीजला हळदकुंकू लावतो, ते जरूर लावावं, पण पांढऱ्यावरची हळद दुसऱ्या दिवशी साबणाच्या ओल्या फडक्यानं टिपून घ्या. महिनाभर राहिली की प्लॅस्टिकमध्ये उतरते.

पांढऱ्याचा टवका उडाला तर पावसाळ्याची वाट बघू नका. प्लग काढा, ती जागा कोरडी करा, बारीक पॉलिश पेपरनं गंज जाईपर्यंत हलकेच घासा, कडेचा सुटलेला रंगही काढा. फडक्यानं पुसा, प्रायमरचा पातळ हात द्या, वाळू द्या, मग पांढऱ्या इनॅमलचे दोन पातळ हात. पांढऱ्यातही छटा असतात, म्हणून डबा घेण्याआधी झाकणाचा रंग दरवाजाशी लावून बघा. मायक्रोवेव्हच्या आत टवका उडाला असेल तर मात्र हा रंग लावायचा नाही. उघड्या पडलेल्या पत्र्याशी तिथं ठिणग्या उडू शकतात. दुरुस्तीवाल्याला दाखवा आणि तोवर तो बंद ठेवा.