फील्डला निघण्याआधी: भत्ते आणि घरची कागदपत्रं

मूव्ह ऑर्डर, म्हणजे सैनिकाला दुसरीकडे हलण्याचा हुकूम, आली की सामान बांधण्याआधी युनिटच्या हेडक्लर्कपाशी अर्धा तास बसा. फील्डमध्ये (सीमेवरच्या किंवा मोहिमेच्या भागात) पोचलं म्हणून भत्ता आपोआप सुरू होत नाही. युनिटनं पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या नोंदीतला बदल कळवणारा आदेश) काढली, तरच पीएओ, म्हणजे जवानांच्या पगाराचं लेखा कार्यालय, तो पगारात धरतं. अधिकाऱ्यांच्या पगाराचं खातं पुण्याचं पीसीडीए (ओ) हे लेखा कार्यालय सांभाळतं. ऑर्डरचा नंबर आणि तारीख डायरीत उतरवा, पुढच्या दोन-तीन पे-स्लिपांवर भत्त्याची ओळ शोधा. आर्मी नंबरातला एक आकडा किंवा पोचल्याची तारीख चुकली की पैसे अडकतात, आणि युनिट दुसरीकडे हललं की थकबाकीचा पाठपुरावा फार जड जातो.

जुलै 2017 च्या दरांनी फील्ड एरियाचा भत्ता जवान आणि जेसीओंना (सुभेदारासारख्या ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्यांना) महिना 6,000 आणि अधिकाऱ्यांना 10,500 रुपये. सियाचीनचा 30,000 आणि 42,500. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की या दरांत 25 टक्के वाढ, आणि तो टप्पा जानेवारी 2024 मध्ये आला. त्यामुळे स्लिपवर जुनाच आकडा दिसला तर लगेच विचारा. मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैन्यातल्या नोकरीसाठीची वेगळी रक्कम, यात मोजू नका, तो पीस स्टेशनला (फील्डबाहेरच्या शांत ठिकाणी) असतानाही मिळतोच.

करात सगळा भत्ता माफ नसतो. जुन्या करपद्धतीत फील्ड एरियाचे महिना 2,600 आणि सियाचीनचे 7,000 रुपयेच सुटतात. नव्या पद्धतीत ही सूट नाही, म्हणून पद्धत निवडण्याआधी बेरीज करून बघा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो बायकोच्या नावाला. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तिसरंच, असं हमखास सापडतं. युद्धात शत्रूच्या कारवाईत मृत्यू आल्यास केंद्राचं सानुग्रह अनुदान 45 लाख रुपये आहे. पेन्शन, विमा वेगळे. नावं जुळली नाहीत तर ऐन दुःखात त्या माउलीला प्रतिज्ञापत्रांसाठी तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तेव्हा लग्नाची आणि मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे का, आधार, पासबुक, रेकॉर्ड तिन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं आहे का, हे पाहा. ग्रुप इन्शुरन्सचा नॉमिनी लग्नाआधी आई लावला असेल आणि नंतर बदललाच नसेल, तर आत्ताच ठरवा. आईलाही वाटा द्यायचा असेल तर टक्केवारी स्पष्ट लिहा. पगाराचं खातं दोघांच्या नावावर असावं, आणि एटीएम कार्ड घरी चालू असावं.

मृत्युपत्र राहून गेलं असेल तरी वाट आहे. प्रत्यक्ष युद्धात किंवा मोहिमेवर असलेल्या सैनिकाला 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं सवलत दिली आहे: सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं तर सही-साक्षीदारांवाचून चालतं, दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलेलंही धरतात. मात्र ती सवलत संपल्यावर माणूस हयात असेल तर तोंडी मृत्युपत्र महिनाभरात रद्द होतं. म्हणून निघण्याआधीच कागदावर करा, आणि एक प्रत घरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्त्यासोबत ठेवा.