गाडी भाड्याने घेण्यापूर्वीची तयारी: छुपा खर्च कसा टाळावा

गाडी भाड्याने घेताना सुरुवातीला जे रोजचे भाडे दिसते, त्याच रकमेत व्यवहार पूर्ण झाला असे क्वचितच घडते. वरचा बहुतेक खर्च करारात लिहिलेला असतो. मात्र तो आपल्यासमोर येतो तो काउंटरवर, जेव्हा प्रवासाने जीव थकलेला असतो, मागे रांग असते आणि गाडी घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यामुळे तयारीचा हेतू एकच ठेवावा: पैशाचा कोणताही निर्णय काउंटरवर पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

दरांची तुलना करताना रोजचे भाडे बाजूला ठेवून सर्व करांसह एकूण रक्कम पाहावी. विमानतळावरून किंवा रेल्वे स्थानकावरून गाडी घेतल्यास बहुधा वेगळा अधिभार लागतो. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची असेल, चालकाचे वय कमी (बऱ्याच ठिकाणी २५ वर्षांखाली) असेल किंवा दुसरी व्यक्तीही गाडी चालवणार असेल, तर त्याचे आकार आरक्षण करतानाच विचारून लेखी घ्यावेत. भाड्याचा दिवस सहसा गाडी ताब्यात घेतल्यापासून २४ तासांचा धरला जातो. सकाळी दहाला घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी दुपारी परत केल्यास आणखी एका दिवसाचे भाडे लागू शकते. म्हणून परतीची वेळ आधी ठरवावी आणि गाडी घेण्याची वेळ तिच्यावरून मागे मोजत आणावी.

मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड हाताशी असावे आणि त्यावर अनामत रकमेइतकी मर्यादा मोकळी असावी. ही रक्कम साधारणपणे खर्ची न पडता कार्डावर रोखून ठेवली जाते, पण तेवढ्या काळापुरती ती आपल्याला वापरता येत नाही, हे प्रवासाच्या इतर खर्चाचा हिशेब करताना लक्षात घ्यावे लागते. डेबिट कार्ड अनेक कंपन्या अनामतीसाठी स्वीकारत नाहीत, किंवा स्वीकारले तरी सोबत त्यांचा महागडा विमा घेण्याची अट घालतात. परदेशात गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना कोणत्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेला हवा तेही पाहावे. जपान, उदाहरणार्थ, १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच असा परवाना मानतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा नाही. कागदपत्रांअभावी गाडी नाकारली गेली, तर आधी भरलेले पैसे बहुधा परत मिळत नाहीत.

सर्वाधिक वेळ विम्याला द्यावा, कारण मोठी रक्कम इथेच जाते. मूळ भाड्यात पुष्कळदा ‘सीडीडब्ल्यू’ (कोलिजन डॅमेज वेव्हर) या नावाचे संरक्षण असते. त्याचा अर्थ इतकाच की गाडीचे नुकसान झाल्यास कंपनी ठरावीक रकमेपलीकडची भरपाई आपल्याकडून मागणार नाही. त्या रकमेपर्यंतचा भार आपलाच असतो, मग चूक कोणाचीही असो. ही मर्यादा किती आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, पण फारसा विचारला जात नाही: संरक्षणातून काय काय वगळले आहे? टायर, चाकाची रिम, पुढची काच, आरसे, छत, गाडीचा तळ आणि हरवलेली किल्ली या गोष्टी वगळलेल्या असण्याची शक्यता मोठी असते, आणि अरुंद रस्त्यांवर किंवा वाहनतळात हानी होते ती प्रामुख्याने यांचीच. चुकीचे इंधन भरणे, कच्च्या रस्त्यावर गाडी नेणे, करारात नाव नसलेल्या व्यक्तीने चालवणे किंवा अपघातानंतर पोलिसांत नोंद न करणे, यांपैकी एखादे कारण सगळेच संरक्षण रद्द होण्यास पुरेसे ठरू शकते.

आपला भार शून्यावर आणणारे जादा संरक्षण काउंटरवर रोजच्या दराने विकले जाते आणि काही दिवसांत त्याची बेरीज मूळ भाड्याच्या जवळ जाऊ शकते. तेच काम करणारा स्वतंत्र विमा आधी घेतल्यास बहुधा बराच स्वस्त पडतो. काही क्रेडिट कार्डांवरही अशी सोय असते, पण तिच्या अटी बँकेकडून लेखी मागवाव्यात. मात्र बाहेरचा विमा असला तरी कंपनी पूर्ण अनामत रोखते आणि नुकसान झाल्यास पैसे आधी आपल्याकडूनच घेते. त्यानंतर आपण विमा कंपनीकडे दावा करायचा असतो. तेवढी रक्कम काही काळ अडकून चालणार नसेल, तर काउंटरवरचे महाग संरक्षण घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तृतीय पक्षाच्या हानीचे संरक्षण ही वेगळी बाब आहे. ते भाड्यात आहे की नाही आणि किती रकमेपर्यंत, हे स्वतंत्रपणे तपासावे.

इंधनाबाबत ‘टाकी भरून घ्या, भरून परत करा’ हीच अट निवडावी, कारण आधीच विकलेल्या भरल्या टाकीतील उरलेल्या इंधनाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. विजेवर चालणारी गाडी असेल तर ती किती टक्के चार्ज करून द्यायची ते विचारावे. किलोमीटरची मर्यादा, सीमेपलीकडे जाण्याची परवानगी आणि टोल भरण्याची पद्धत याही अटी वाचाव्यात; गाडीतील टोलचे यंत्र एकदा वापरले तरी त्याचा आकार भाड्याच्या प्रत्येक दिवसासाठी लावला जाऊ शकतो. मोबाइलवर नकाशे असताना दिशादर्शक भाड्याने घेण्याची गरज नाही. लहान मुलांचे आसन मात्र केवळ पैसे वाचवण्यासाठी टाळू नये.

काउंटरवर सही बहुधा लहानशा पडद्यावर घेतली जाते आणि पडद्यावर फक्त सहीची चौकट दिसते. तिथे थांबून पूर्ण करार दाखवण्यास सांगावे आणि न मागितलेली सेवा जोडली असल्यास सहीपूर्वी काढून घ्यावी. मोठी गाडी देऊ केल्यास ती त्याच भाड्यात आहे का, हे कागदावर पाहावे. परदेशात कार्डयंत्र आपल्या देशाच्या चलनात पैसे देण्याचा पर्याय देईल. स्थानिक चलनच निवडावे, कारण दुसऱ्या पर्यायातील विनिमय दर बहुतेकदा तोट्याचा असतो.

गाडी ताब्यात घेताना ती उजेडात उभी करून चारी बाजूंचे सलग चित्रीकरण करावे. चारही रिम, बंपरचे खालचे कोपरे, आरशांची पाठ, छत आणि पुढच्या काचेवरील खड्याचे बारीक डाग यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत. किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच चित्रात यावा. गाडी ओली किंवा धुळीने माखलेली असेल तर ओरखडे दिसत नाहीत, तेव्हा ती पुसून देण्यास सांगायला संकोचू नये. आढळलेला प्रत्येक पोचा कंपनीच्या तपासणी पत्रकावर लिहून घ्यावा, कारण वाद झाल्यास पत्रकातील नोंद आपल्या छायाचित्रापेक्षा वजनदार ठरते.

परतीच्या वेळी इंधन जवळच्याच पंपावर भरून पावती ठेवावी, गाडीतील वाळू आणि कचरा काढावा आणि कर्मचाऱ्यासमोर तपासणी करून ‘नवे नुकसान नाही’ अशी लेखी नोंद मागावी. कार्यालय बंद असताना किल्ली पेटीत टाकून जाणे शक्यतो टाळावे. दुसऱ्या दिवशी कोणी गाडी तपासेपर्यंत तिची जबाबदारी आपल्यावर राहू शकते. नाइलाज असेल तर उभी केलेली जागा आणि वेळ दिसेल असे पुन्हा चित्रीकरण करावे. अनामत मोकळी होण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि वाहतुकीचा दंड त्याहूनही उशिरा, कंपनीच्या प्रक्रिया शुल्कासह कार्डावर येऊ शकतो. तोवर करार, पावत्या आणि छायाचित्रे जपून ठेवावीत, कार्डाचे विवरण तपासत राहावे आणि अनोळखी वजावट दिसताच कंपनीकडे लेखी खुलासा मागावा. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास बँकेने ठरवलेल्या मुदतीत त्या व्यवहारावर हरकत नोंदवावी.