कूलरचा स्मार्ट प्लग आणि घरचं वायफाय
नागपूरच्या सीताबर्डीवरून वायफाय कॅमेरा आणला, कूलरला मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्मार्ट प्लग लावला, ॲप सुरू झालं की आपण खूश. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड मात्र तसाच राहतो. 2016 साली ‘मिराई’ नावाचं मालवेअर, म्हणजे उपकरणात घुसून त्याचा ताबा घेणारं सॉफ्टवेअर, नेमकं यावरच पसरलं: कंपन्यांनी घालून दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे, बस्स. लाखो कॅमेरे-राउटर ताब्यात गेले आणि बहुतेक मालकांना पत्ताही नाही, कारण कॅमेरा तर दिसायला नीट चालू होता.

तेव्हा आधी पासवर्ड बदला. मग राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, सुरू करून ही सगळी उपकरणं त्यावर टाका. बँकेचं ॲप असलेला मोबाइल आणि लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर. एक मेख आहे. बहुतेक स्मार्ट प्लग वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात. गेस्ट नेटवर्क त्याच बँडवर ठेवा, नाहीतर प्लग जोडलाच जात नाही आणि भर मे महिन्यात आपण घामाघूम होऊन दुकानदाराला शिव्या घालतो. राउटरमधलं ‘यूपीएनपी’ (UPnP) हे सेटिंगही बंद करा, त्यातून उपकरणं न विचारता बाहेरच्या इंटरनेटची वाट उघडतात. बेडरूममध्ये कॅमेरा? मी तरी लावत नाही. जुना कॅमेरा विकायचा असेल तर फॅक्टरी रिसेट करून ॲपमधूनही काढून टाका.