लॉ फ्रॅटर्निटीचे सभासद होण्यापूर्वी: अमेरिकेत नव्याने आलेल्या एलएल.एम. विद्यार्थ्यांसाठी

ऑगस्टमध्ये लॉ स्कूलच्या व्हरांड्यात विद्यार्थी संघटनांची टेबले मांडली जातात. त्यांत फाय अल्फा डेल्टा, फाय डेल्टा फाय अशा लॉ फ्रॅटर्निटींच्या, म्हणजे कायदा क्षेत्रातील सभासद-संघटनांच्या, ग्रीक अक्षरांच्या पाट्या दिसल्या की, इथे नाव नोंदवल्यास पुढे सनद मिळणे सोपे जाईल, असा समज महाराष्ट्रातून आलेल्या अनेकांचा होतो. तसा काहीही संबंध नाही. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल सनद देते आणि गैरवर्तनाच्या तक्रारीही ऐकते. अमेरिकेत हे विषय त्या त्या राज्याच्या न्यायालयांच्या अखत्यारीत असून, न्यूयॉर्कमध्ये प्रवेशाचे नियम तेथील कोर्ट ऑफ अपील्स ठरवते. लॉ फ्रॅटर्निटी ही केवळ ऐच्छिक संघटना आहे.

तिचा कारभार मात्र समजून घेण्याजोगा आहे. यांतली सर्वांत जुनी फाय डेल्टा फाय १८६९ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू झाली आणि तिच्या शाखांना ‘इन’ म्हणतात. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या फाय अल्फा डेल्टामध्ये शाखेला ‘चॅप्टर’ म्हणतात; जस्टिस, व्हाइस जस्टिस, क्लार्क, ट्रेझरर आणि मार्शल हे तिचे पदाधिकारी असतात. तेव्हा ‘जस्टिस’ अशा सहीचे पत्र आले तर बिचकू नये. ते बहुधा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याचे असते. शाखेला स्वतःचे उपविधी, म्हणजे अंतर्गत नियम, करता येतात, परंतु ते मध्यवर्ती घटनेशी विसंगत असून चालत नाही. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनात शाखांचे प्रतिनिधी मतदान करून कार्यकारी मंडळ निवडतात, आणि मधल्या काळात हे मंडळ धोरण सांभाळते, तर दैनंदिन काम पगारी कर्मचारी पाहतात. दीर्घकाळ पुरुषांपुरत्याच राहिलेल्या फाय अल्फा डेल्टामध्ये १९७२ साली महिला वकिलांची फाय डेल्टा डेल्टा विलीन झाली.

सभासदत्व आजीव असले तरी मध्यवर्ती प्रवेश शुल्क किती, स्थानिक वर्गणी वेगळी आहे का आणि एलएल.एम.चे विद्यार्थी पात्र आहेत का, हे ट्रेझररला विचारून मगच पैसे भरावेत. पदाची हौस असणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा: शाखेच्या निवडणुका सहसा वसंत सत्रात पुढील वर्षासाठी होतात, आणि एलएल.एम.चा एक वर्षाचा अभ्यासक्रम मे महिन्यात संपतो. म्हणून निवडणुकीची वाट न पाहता सप्टेंबरमध्येच एखाद्या समितीचे काम मागून घ्यावे. वक्ते बोलावणाऱ्या समितीत स्थानिक वकिलांशी थेट पत्रव्यवहार करण्याची संधी मिळते आणि नव्या माणसाला त्याचाच अधिक उपयोग होतो.