विशेष दलांतील जवान व त्यांच्या कुटुंबीयांचा सन्मान कसा करावा

भूदलाचे पॅरा एसएफ, नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड या विशेष दलांच्या जवानांची सुरक्षितता बऱ्याच अंशी गुप्ततेवर अवलंबून असते. म्हणून सोलापुरातील एखाद्या मंडळाने किंवा शाळेने त्यांच्या सन्मानाचा कार्यक्रम योजला, तर सभागृह ठरवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलावे, त्यांच्यामार्फत कुटुंबाची संमती घ्यावी आणि घरच्यांनी नकार दिल्यास तो आदराने स्वीकारावा.

आपल्याकडे सत्कार म्हटला की चौकात फ्लेक्स लागतो. सेवेत असलेल्या कमांडोसाठी तो लावूच नये. त्याचे नाव, छायाचित्र, पलटण, नेमणुकीचे ठिकाण, सुट्टीच्या तारखा यांपैकी काहीही निमंत्रणपत्रिकेत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ देऊ नये, कारण त्यातून त्याच्याइतकाच त्याच्या घरच्यांनाही धोका संभवतो. पॅरा एसएफचा ‘बलिदान’ बिल्ला खडतर निवडीतून कमवावा लागतो. तो स्मृतिचिन्हांवर सजावट म्हणून छापू नये, आणि राष्ट्रध्वज तर टेबलावर किंवा व्यासपीठावर कापडासारखा कधीही अंथरू नये.

व्यासपीठावरून मोहिमांविषयी प्रश्न विचारू नयेत. बोलायचेच असेल, तर अधिकृतपणे जाहीर झालेल्या शौर्याविषयी बोलावे, आणि त्यासाठी मराठी श्रोत्यांना जवळची उदाहरणे पुष्कळ आहेत. २१ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. याच पलटणीत घडलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाल्या. वीरपत्नीची ओळख करून देताना तिच्या स्वतःच्या शिक्षणाचा आणि कामाचा उल्लेख का हवा, हे यावरून लक्षात यावे.

मानाची पहिली रांग वीरमाता, वीरपिता आणि वीरपत्नींची असावी, पुढाऱ्यांची नव्हे. सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, तेव्हा आईवडिलांशी त्यांच्या भाषेत बोलणारा एक कार्यकर्ता सोबत द्यावा. शालीऐवजी आपल्या विणकरांनी विणलेली सोलापुरी चादर द्यावी. जखमी माजी सैनिक येणार असल्यास फटाके टाळावेत आणि व्यासपीठापर्यंत उतार करावा, किंवा पाहुण्यांनीच खाली उतरून सन्मान करावा.

तारखेसाठी ७ डिसेंबर, म्हणजे १९४९ पासून पाळला जाणारा सशस्त्र सेना ध्वजदिन, मला सर्वांत योग्य वाटतो. १५ जानेवारीचा सेनादिन सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत येतो. जमलेली रक्कम ध्वजदिन निधीत भरून पावती घ्यावी.

कार्यक्रम संपला तरी संबंध तुटू देऊ नये. निवृत्तिवेतनाचे अर्ज, बँकेची कागदपत्रे, मुलांचे प्रवेश, वृद्ध आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या ही कामे वर्षभर चालतात, म्हणून प्रत्येक कुटुंबामागे एक जबाबदार कार्यकर्ता नेमावा आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक घरच्यांकडे त्याच दिवशी देऊन ठेवावा.