गाडीचा चार्जर घरी बसवताय? डब्याच्या आधी अर्थिंगचा खड्डा बघा

इलेक्ट्रिक गाडी घेतली की दोन दिवसांत कुणीतरी येऊन भिंतीवर चकचकीत डबा लावून जातो आणि आपल्याला वाटतं झालं काम. आमच्याकडे जानेवारीत बसवला, मार्चपर्यंत मस्त चालला, आणि एप्रिल संपता संपता एका रात्री लाल दिवा लावून बसला तो बसलाच, सकाळी बघतो तर गाडी काल होती तेवढ्यावरच. बघायला आलेला माणूस म्हणाला चार्जर गेला, बदलायला लागेल. शेजारचे काका आयुष्यभर वायरिंगचीच कामं करत आलेत, ते आले, काही न बोलता अर्थिंगच्या खड्ड्यात (बॉडीत उतरलेला करंट जमिनीत सोडणारी वायर जिथे पुरलेली असते) दोन कळश्या पाणी ओतलं आणि दहा मिनिटांत हिरवा दिवा. तेव्हापासून कुणी विचारलं की चार्जर कुठला घेऊ, तर मी आधी विचारतो खड्डा कुठे मारणार?

कारण असं की गाडीचा चार्जर फ्रीज-मिक्सरसारखा गरीब नाही. करंट सोडायच्या आधी तो अर्थ, म्हणजे जमिनीशी असलेली जोडणी, तपासतो आणि अर्थ नीट नसेल तर चालूच होत नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण गाडी उभी असते रबराच्या टायरवर आणि आपण अनवाणी ओल्या अंगणात, बॉडीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट आपणच. आता आपल्या कोकणातली जमीन म्हणजे जांभा, लाल सच्छिद्र दगड. पावसात पाणी पितो आणि तेवढ्याच वेगाने खाली सोडून देतो, मे महिन्यात सहा फुटांवरही कोरडा ठणठणीत, आणि कोरड्या दगडातून वीज जात नाही. घाटावरच्या काळ्या मातीत जो खड्डा वर्षानुवर्षं चालतो तो इथे चालेलच असं नाही.

म्हणून खड्ड्याची जागा निवडताना मीटरच्या जवळ कुठे एवढंच बघू नका, मोरीचं पाणी जिथे जातं, जिथे केळी आणि अळू लावलेलं असतं ना, तिथे मारा. बारा महिने ओल आयती मिळते. खड्ड्यात पाइपाभोवती मीठ-कोळसा भरायचा जुना प्रकार आमच्याकडे दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जातो (वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, मीठ राहणार कुठे) आणि वर ते मीठ पाइपही खातं. त्यापेक्षा तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि भोवती ओल धरून ठेवणारी पावडर, ज्याला सगळे केमिकल अर्थिंग म्हणतात, ते करा. शक्यतो दोन खड्डे, एकमेकांपासून तीन मीटरवर, आणि दोन्ही जोडून घ्या. चिरा फोडायला गडी लागतो, मशीन लागतं, खर्च होतो, पण इथे चिंगूसपणा करू नका. मग अर्थ टेस्टर लावून रीडिंग घ्यायला सांगा, पाच ओमच्या आत आलं तर छान (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा, जितका कमी तितकं बरं). आणि हे रीडिंग मे महिन्यात घ्या, जुलैत मोजलेलं अर्थिंग कुणाचंही चांगलंच येतं. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थच्या मध्ये व्होल्ट मोजायचा मीटर धरला तर दोन-तीन व्होल्टच्या वर दिसू नये, दिसलं तर चार्जरला दोष देण्याआधी तिथे शोधा.

आता दुसरा प्रश्न, मोठा चार्जर लागतो का? बहुतेकांना लागत नाही हे माझं स्पष्ट मत. साधा १५ अँपिअरच्या पॉइंटला लागणारा चार्जर ३.३ किलोवॅटपर्यंत घेतो, भिंतीवरचा मोठा ७.२ किलोवॅट. गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर तरी जाते, म्हणजे रोज बाजार, शाळा, ऑफिस मिळून पन्नास किलोमीटर झाले तरी आठेक युनिट, ते छोट्यावर अडीच-तीन तासांत भरतात आणि रात्र तर आठ तासांची. मोठा त्यांनाच, ज्यांची बॅटरी ४०-४५ युनिटची आहे आणि मुंबईहून रात्री येऊन सकाळी परत निघायचंय. छोटाच ठेवलात तर त्याला स्वतंत्र पॉइंट हवा, मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी तांब्याची वायर, चांगल्या कंपनीचं सॉकेट, आणि एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही म्हणजे नाही. मिक्सर पाच मिनिटं चालतो, हा बॅटरी बरीच रिकामी असेल तर चौदा अँपिअर सलग सहा-सात तास ओढतो, ढिला पिन असेल तर प्लास्टिक वितळतं. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर लगेच बंद.

विजेचं बिल काढा आणि त्यावर मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) किती लिहिलाय ते बघा. गावातल्या जुन्या घरांना बऱ्याचदा एकच किलोवॅट असतो आणि त्यावर पंप, गीझर, फ्रीज सगळं वर्षानुवर्षं चाललेलं असतं, कुणी विचारत नाही म्हणून. गाडी लावली की मात्र कळतं. भारवाढीचा अर्ज महावितरणच्या साइटवरून किंवा ॲपवरून होतो, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायला लागतो. ७.२ चा डबा हवा असेल तर तो एकटाच ३२ अँपिअर खातो, मग घराचं बाकीचं धरून थ्री फेज घेण्याबद्दल वायरमनशी आधीच बोला. घरच्याच मीटरवर गाडी चार्ज करायला वेगळं लायसन लागत नाही. हवं तर गाडीसाठी वेगळा मीटरही मागता येतो, फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत तशी दुरुस्ती झाली आणि ग्रामीण भागात नवीन जोडणीची मुदत ३० वरून १५ दिवसांवर आली. वेगळा मीटर घ्यायचा का, तर महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर दीडशेच्या वर युनिट जादा येतात आणि घरगुती बिलात १००, ३००, ५०० असे टप्पे आहेत, वरच्या टप्प्यात गेलात की दर चढतो. वेगळ्या मीटरचा स्थिर आकार धरून कागदावर एकदा हिशोब मांडा. आमचा घरचा वापर कमी, म्हणून आम्ही नाही घेतला.

गाडीबरोबर फिटिंग फुकट म्हणतात ते अमुक मीटर वायरपर्यंतच असतं, पुढे मीटरप्रमाणे पैसे, आणि अर्थिंग बहुतेक वेळा आपल्याच गळ्यात. आपल्याकडे मीटर पडवीत आणि गाडी खळ्याच्या (अंगणाच्या) पलीकडे गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ), मध्ये तीस मीटर सहज. ३२ अँपिअरला ६ स्क्वेअर एमएमची वायर तीस मीटर नेली तर सात व्होल्ट वाटेतच जातात, १० ची नेली तर चार. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज आधीच रडतं, त्यामुळे लांब पल्ल्याला १० चीच घ्या. वायर जमिनीखालून पाइपातून न्या, उघडी टाकलीत तर उंदीर आहेतच.

संरक्षणाचं थोडक्यात. मोठ्या चार्जरला ४० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की लाइन तोडणारी), ती ए टाइपची, जी डीसी मिसळलेली गळतीही ओळखते, दुकानात नुसतं आरसीसीबी म्हटलं तर एसी टाइप हातात देतात. ही आरसीसीबी फक्त गाडीची, घराबरोबर नको. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा) लावाच, वळवाच्या विजा काय करतात ते टीव्ही जाळून घेतलेल्या कुणालाही विचारा, आणि तरीही गडगडायला लागलं की मी प्लग काढतो. इन्व्हर्टरच्या लाइनवर चार्जर चुकूनही घेऊ नका.

डबा कुठे लावायचा यात आम्ही एक चूक केली, पश्चिमेच्या भिंतीवर लावला. समुद्राचा वारा आणि तिरका पाऊस थेट तोंडावर, दुसऱ्या श्रावणात झाकणाचे स्क्रू गंजून मोडले. आयपी ६५ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी पूर्वेला किंवा पडवीच्या आत घ्या, वर छोटी पत्र्याची पागोळी, स्क्रू स्टेनलेसचे, आणि वायरच्या टोकाला कलई केलेले लग (टोकावर दाबून बसवायचे धातूचे तुकडे). केबल खालून आत घ्या आणि भोक सीलंटने बुजवा, नाहीतर पावसाळ्यात मुंगळे आणि पाली आत संसार थाटतात. चिपळूणसारख्या ठिकाणी राहात असाल तर २२ जुलै २०२१ ला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ती खूण बघून त्याच्या वर लावा. आणि माडाखाली नको. हे सांगायला लागू नये, पण आमच्या वाडीत एकाने लावलाय, गाडीच्या टपावर नारळ पडला तेव्हा कळलं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि नवरात्रात असं वर्षातून दोनदा वायरमनकडून सगळे स्क्रू आवळून घ्या, आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, आणि एप्रिल-मेमध्ये केळीला पाणी घालताना खड्ड्यालाही घाला.

राहता राहिला गणपती. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी दोन चुलतभाऊ मुंबईहून आले, दोघांच्याही गाड्या इलेक्ट्रिक, दोघांकडेही छोटा चार्जर, आणि एकाने न विचारता मागच्या पडवीतल्या पंपाच्या पॉइंटला लावला. आरतीला उभे राहिलो आणि माळांसकट अख्खं घर काळोखात. आता दाराला कागद चिकटवलाय, धाकटा आठ ते बारा, मोठा बारा ते चार, आमची चार ते आठ, आणि मोदकांचा गॅस संपून वहिनीने इंडक्शन लावला तर सगळ्यांनी आपापला प्लग काढायचा.